भांगाची भरती

आधी मीठ.
हिरावती बांगड्यांना मीठ चोळत बसायची
आणि मी टोपलीतला खडा उचलून
खडीसाखरेसारखा चघळायचो.
ती म्हणायची, दर्यात कमी पडतं का तुला?

मग रंग.
तांडेल काळा असायचाच, त्यात काय बघायचं.
पण तळहाताच्या रेषा काळवंडल्या,
हिरड्या जांभळ्या,
आणि शिमग्यात दोरानं कापलेल्याचा वण
कुणी शाईनं गिरवल्यासारखा.
हर्णैच्या बंदरात कुणी म्हणालं, करणी.
कुणी म्हणालं, दारू.
ती सोडून मला पाच वर्षं झाली होती.

लिलावात पाटी उचलायला वाकलो,
उठलो, तर अख्खं बंदर
एका अंगावर कललं.

दापोली. रत्नागिरी. मग कोल्हापूर.
तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर
दोन मूत्रपिंडं काढली,
त्यांच्या डोक्यावर दोन त्रिकोणी टोप्या,
आमच्या कोळी टोप्यांसारख्याच तिरप्या.
म्हणाल्या, ह्या वाळल्यात.
संकट आलं की इथून रस सुटतो.
तुमच्यात सुटत नाही.
मी म्हटलं, बाई, मी वादळाला घाबरत नाही,
मला कशाला लागतोय रस?
त्या हसल्या नाहीत.
‘घाबरायला नव्हे, तांडेल.
घाबरल्यावर उभं राहायला.’

तेव्हापासून भरती मी विकत घेतो.
पहाटे दहा, दुपारी पाच,
चारच्या सुमारास अजून पाच,
आणि अंगात मीठ टिकावं म्हणून
वेगळी एक, तिळाएवढी.
हायड्रोकॉर्टिसोन हिरावतीच्या जिभेवर बसत नाही.
ती विचारते, हैद्रू घेतलास?
जसा कोणी वस्तीला आलेला पाहुणा.

नझीर पेवेकरच्या मेडिकलात तो नसतोच.
खेडहून पुडकं येतं कंडक्टरच्या हाती.
एका श्रावणात दरड कोसळली,
एसटी बंद,
पट्टीत सात गोळ्या.
रात्री उठून मी सात मोजायचो
आणि सातच भरायच्या.
मग नझीर मोटारसायकल काढून
मंडणगडाच्या फेऱ्यानं महाडला गेला,
चिखलानं माखून परत आला,
बिलाचे पैसे घेतले,
पेट्रोलचं नावही काढलं नाही.

धडधाकट माणसाला उधाण येतं:
तापात, मयतीत, भावकीच्या भांडणात.
गोळीची भरती भांगाची.
होडी तरते,
तळ वाळूला घासत राहतो.
म्हणून ताप आला की दुप्पट.
उलटी झाली तर सुई.
खलाशांना मी हे घोकून घेतलंय:
बाटली, सुई, मांडी.
हसत हसत शिकले, हरामखोर.

गेल्या मार्गशीर्षात, पंचवीस वाव पाण्यात,
दर्या तव्यासारखा सपाट,
आणि मला उलट्या सुरू झाल्या.
जाळं खाली. किनारा लांब.
मुशीचं पोट एका झटक्यात फाडणारा दाम्या
सुई धरून रडायला लागला.
‘दुखंल, तांडेल.’
दुखू दे. टोच.
टोचली, लुंगीवरूनच.
मग जाळं तसंच पाण्यात ठेवून
माझं डोकं मांडीवर घेऊन बसला.
त्याच्या हाताला माशांचा वास होता,
तो मी धरून ठेवला, दोर धरतात तसा.

हळूहळू आभाळ सरळ झालं.
त्यानं विचारलं, काय वाटतंय?
मी म्हटलं, भीती वाटतेय रे.
पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा कुणाला सांगितलं.
तो म्हणाला, मला पण,
आणि उठून जाळं ओढायला गेला.

आता पहाटे, दीपगृहाचा दिवा मालवायच्या आत,
मी एक भरती गिळतो.
कडू लागते.
जीभ सवयीनं मिठाच्या बरणीकडे वळते.
हिरावती झाकण लावते,
पण घट्ट नाही.